खारघर अ‍ॅक्ट्रेक: सिस्टरांबद्दल लिहायलाच हवं

भाचीच्या ल्युकेमियाचे (रक्ताच्या कॅन्सरचे) उपचार खारघरला टाटाच्या कॅन्सर केंद्रात, अ‍ॅक्ट्रेकमध्ये चालू आहेत. डॉक्टरांबद्दल सगळेच लिहितात, मला सिस्टरांबद्दल लिहायचंय. पिक लाइनचं (औषधं द्यायला दंडाच्या शिरेतून घातलेल्या बारीक नळीचं) ड्रेसिंग बदलताना त्या आधी तिच्या बाहुलीच्या हाताला पट्टी लावतात, मग चिकटपट्टी इतकी हळू सोलतात की पोर हूं की चूं करत नाही. लाइनचं तोंड पुसताना मात्र घाई अजिबात नाही. रात्रपाळीच्या सिस्टर तिच्या आईला, माझ्या ताईला, बळंच जेवायला पाठवतात.

ताईला त्यांनी बजावलंय: ताप १००.४ झाला की पॅरासिटामॉल देऊन घरी थांबायचं नाही, थेट निघायचं. पांढऱ्या पेशी कमी असताना अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हावं लागतं. आधीच्या एका खासगी रुग्णालयात हे कुणी सांगितलंच नव्हतं, त्याचा राग अजून जात नाही.