आमच्या कुत्र्याचा, बाळ्याचा पाय काढल्यावर घरासाठी घेतलेल्या वस्तू: रबर मॅट, हार्नेस, कोन

आधीच सांगते, घरी टाइल्स असतील तर पहिले पैसे फरशीवर घाला, हार्नेस (कुत्र्याला धरून आधार द्यायचा पट्टा) वगैरे नंतर.

आमचा बाळ्या गावठी आहे, १८ किलोचा. गाडीखाली आला आणि मागच्या उजव्या पायाचं हाड तर गेलंच, खालचं कातडं आणि नसापण राहिल्या नव्हत्या, त्यामुळे मांडीपासून पाय काढावा लागला. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं की कुत्रं तीन पायांवर आपल्याला वाटतं त्याच्या कितीतरी आधी चालायला लागतं, बरेचदा दुसऱ्या दिवशीच उभं राहतं, आणि मागचा पाय गेला असेल तर त्यातल्या त्यात बरं कारण साधारण ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं. ते खरंच निघालं. पण पुण्यात आता सगळ्या फ्लॅटमधे असते तशी आमच्याकडेपण गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल आहे, आणि बाळ्या चालायला तयार होता पण फरशी त्याला उभं राहू देत नव्हती.

हे नीट समजून घ्या. मागचा एकच पाय उरला की तो पाय हळूहळू शरीराच्या मधोमध यायला लागतो आणि कुत्रं त्याच्यावर उड्या मारल्यासारखं चालतं. सरळ जाताना जमतं. बसल्याचं उठताना आणि वळताना मात्र सगळा जोर त्या एका पंजावर येतो आणि टाइलवर तो पंजा बाहेरच्या बाजूला सटकतो, बोटं फाकतात, नखं फरशीवर करकर वाजतात. मग एकतर ते टाक्यांवर आपटतं नाहीतर उरलेल्या पायाचा गुडघा पिरगळतो. त्या गुडघ्याच्या आतलं लिगामेंट फाटलं तर कुत्र्याकडे मागे उभं राहायला काहीच उरत नाही, डॉक्टर सगळ्यात जास्त त्यालाच घाबरत होते. आणि भीती बसते ते वेगळंच, एकदा सटकला की बाळ्या अर्धा दिवस जागचा हलायचा नाही, पाणीसुद्धा तोंडाशी न्यावं लागायचं.

तर मॅट. रविवार पेठेत रबराची बारीक रेघांची मॅट रोलमधून फुटावर कापून मिळते, दुकानांच्या दारात, जिन्यावर घालतात ती. मी ३ एमएमच्या वरचीच घेतली, त्याहून पातळ घेतली तर कडा वर वळतात आणि गळ्यात कोन (टाके चाटू नयेत म्हणून लावतात ते नरसाळं) लावलेलं कुत्रं त्यात अडकतं. सगळी मिळून अडीच हजारांच्या आत काम झालं. वजनदार असते म्हणून हलत नाही, टेप लागत नाही, आणि ओल्या पंजानेसुद्धा पकड सुटत नाही, हे पावसाळ्यात फार महत्त्वाचं. तोटे पण आहेत. पहिले काही दिवस रबराचा उग्र वास येतो, गॅलरीत साबणाने धुवून ऊन दाखवा मगच आत आणा. रेघांमधे शू आणि केस अडकतात, नुसतं पुसून भागत नाही, उचलून बाथरूममधे घासावी लागते आणि ओली मॅट उचलणं हे एकट्या माणसाचं काम नाही. दिसायला काळीकुट्ट आहे, आईला अजिबात आवडली नाही, पण बाळ्या तिच्यावरून चालत स्वयंपाकघरापर्यंत आला तेव्हा तिनेच उरलेल्या पॅसेजचं माप घेऊन दिलं.

घालताना सलग घाला. गादीपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत, तिथून दारापर्यंत आणि दाराबाहेर लिफ्टपर्यंत. मधे मोकळी फरशी सोडायची नाही. आमच्याकडे सुरुवातीला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआधी दोन फूट जागा उघडी होती, तर हा मॅटच्या टोकाला यायचा, पुढचा एक पंजा टाइलवर टेकवायचा, परत घ्यायचा आणि तिथेच उभा राहून माझ्याकडे बघत बसायचा. आईकडे खिचडीचा वास येतोय, शेपूट हलतेय, पण पाऊल पुढे पडत नाहीये. तो तुकडा घातला त्याच दिवशी तो सरळ ओट्याखाली जाऊन बसला. ज्यांच्या घरी नव्याने असं ऑपरेशन झालंय त्यांनी फक्त एवढं करा, बाकी सगळं हळूहळू होतं.

बाकीचे पर्याय सांगते. लहान मुलांचे फोमचे जोडायचे तुकडे असतात ते मऊ म्हणून बरे वाटतात पण पंजा त्यात रुततो आणि जोड उसवतो, शिवाय चावरं कुत्रं असेल तर तुकडे पोटात जायची भीती. योगा मॅट पकड छान देते पण हलकी असते, दोन बाजूंनी चिकटपट्टी लावली तरच चालेल. सतरंजी, चटई टाइलवर अजिबात नको, कुत्र्यासकट सरकते. बाथरूमच्या जाळीदार मॅटमधे नखं अडकतात. पायात घालायचे ग्रिपवाले मोजे मिळतात ते फिरून रबराची बाजू वर येते आणि मग तर जास्तच घसरतं. त्यापेक्षा नखं वेळच्या वेळी कापा आणि पंजाच्या गाद्यांमधले केस बारीक करून घ्या, याने फुकटात बराच फरक पडतो.

आता हार्नेस. ऑनलाइन मिळणारा मागच्या भागाचा हार्नेस घेतला, ब्रँडचं नाव लिहीत नाही. दोन पायांसाठी दोन भोकं असतात त्यातलं एक रिकामं, त्यामुळे तो सतत कापलेल्या बाजूला घसरायचा आणि वेल्क्रो टाक्यांच्या वर घासायचं. नर कुत्रा असेल तर दुसरा त्रास असा की पोटाखालची पट्टी नेमकी शूच्या जागेवर येते, पट्टी ओली, केस ओले आणि जखमेच्या इतक्या जवळ ओल राहणं चांगलं नाही. पाचपैकी दोन गुण. पहिल्या आठवड्यात आम्ही आईची जुनी सुती ओढणी पोटाखालून घेऊन वर दोन्ही टोकं हातात धरायचो आणि शू करायला लागला की ती थोडी छातीकडे सरकवायचो. उचलायचं नाही हां, नुसता तोल जाईल तेव्हा आधार द्यायचा, सगळं वजन आपण घेतलं तर तो पाय ताकद कधी धरणार. शीला बसताना हा आधार सगळ्यात जास्त लागतो. आणि पहिले तीन-चार दिवस शीच झाली नाही तर लगेच घाबरू नका, दुखण्याच्या काही औषधांनी पोट जड होतं, पण त्याहून लांबलं तर डॉक्टरांना विचारा. पाठीवर हँडल आणि छातीपासून पोटापर्यंत रुंद पट्टा असलेला हार्नेस मात्र टाके निघाल्यावर गाडीत चढवायला आणि जिन्यावर खूप उपयोगी पडतो, पुढचा पाय काढलेला असेल तर तोच घ्या आणि जेवणाचं भांडं पण थोडं उंचावर ठेवा म्हणजे वाकताना तोंडावर पडणार नाही.

कोन प्लास्टिकचा, कडक आणि नाकाच्या पुढे जाणाराच घ्या. हवा भरायची गळ्यातली रिंग दिसायला गोड आहे पण गावठी कुत्र्याचं तोंड लांब असतं, ते आरामात वळून मागच्या टाक्यांपर्यंत पोचतं. टाके साधारण १० ते १४ दिवसांनी काढतात, तोपर्यंत कोन काढायचा नाही, कितीही केविलवाणं बघितलं तरी. दारांना धडकतो, भिंतीला घासतो, मला पण वाईट वाटायचं.

गादीवर बाळाच्या दुपट्याखाली घालतात ते मेणकापड आणि वर जुनी चादर, याला पाचपैकी पाच. कारण पहिल्या दिवसांत जखमेतून थोडं पाणी पाझरतं. टाक्यांच्या खालच्या बाजूला मऊ फुग्यासारखी सूज आली तर ते बरेचदा नुसतं पाणी साठलेलं असतं आणि आपोआप जिरतं, सुईने काढायला जाऊ नका. पण गरम लागतंय, लाल होतंय, वास येतोय, पू दिसतोय किंवा जेवण सोडलं तर त्याच दिवशी दाखवा. रोज एकाच वेळेला टाक्यांचा फोटो काढून ठेवा, डॉक्टरांना फोनवर सांगण्यापेक्षा फोटो पाठवला की पटकन कळतं.

औषधांचं एकच, डॉक्टरांनी लिहून दिलेलीच द्यायची. घरातली ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम अजिबात नाही, त्यातल्या आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात आणि किडनी जाऊ शकते. पहिल्या रात्री धाप लागल्यासारखं करतात, कण्हतात, जागा बदलत राहतात, ते दुखणं पण असतं आणि भुलीचं, औषधांचं पण असतं. आम्ही आळीपाळीने खाली त्याच्याशेजारी झोपलो. हात ठेवला की शांत व्हायचा.

आणि वजन वाढू देऊ नका. दया येते म्हणून जो तो बिस्किट देतो, पण तीन पायांवरच्या कुत्र्याला प्रत्येक जास्तीचा किलो सांध्यांवर पडतो. आमच्या सोसायटीत मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, लाड करायचे असतील तर काकडी द्या.

मॅट घ्यायला जाल तेव्हा मापापेक्षा पाच-सहा फूट जास्त कापून घ्या, एक तुकडा गाडीच्या मागच्या सीटवर लागतो आणि एक डॉक्टरांच्या टेबलासाठी, ते स्टीलचं असतं आणि बाळ्या त्याच्यावर आपली मॅट घातली तरच उभा राहतो.