विसर पडू लागलाय: मोबाईलचे खेळ, वही की उजळणी?

डॉक्टरांच्या कागदावर ‘एमसीआय’ आलं, म्हणजे स्मरणशक्ती वयाच्या मानाने उणी, पण रोजचे व्यवहार अजून स्वतःचे स्वतः होतात. घरचे आधी मोबाईलवरचे मेंदूचे खेळ शोधतात. आमच्या मते त्यांचा नंबर शेवटचा.

खेळाने माणूस त्या खेळात तरबेज होतो. गोळी घेतली का, हे त्याने आठवत नाही. अमेरिकेतल्या ज्येष्ठांवरच्या ‘अ‍ॅक्टिव्ह’ अभ्यासात ज्यांचे स्मरणचाचणीतले गुण मुळातच कमी होते, त्यांना स्मरणाच्या युक्त्या शिकवून फायदा झाला नाही. तर्काच्या आणि वेगाच्या (पटकन बघून ओळखण्याच्या) सरावाने मात्र त्या-त्या कौशल्यात झाला. खेळायचंच तर तसे निवडा. आणि सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या आजोबांना इंग्रजी शब्दकोडी देऊ नका.

वहीचा उपयोग रोजचा. एका दिवसाला एक पान, त्यावर तीन रकाने: वेळ ठरलेली कामं, आज कधीही करायची कामं, घडलेलं. सकाळच्या चहाला, जेवणानंतर आणि झोपताना उघडायची. काम होताच तिथल्या तिथे खूण. सहा आठवडे घरच्यांनी उत्तर न देता “वहीत बघा बरं” एवढंच म्हणायचं. बिघडतं ते इथेच: सूनबाई पटकन सांगून टाकतात, नाहीतर वहीसोबत चिठ्ठ्या, कॅलेंडर आणि मोबाईलही सुरू राहतात. विसर वाढल्यावर ही सवय लागणं अवघड, म्हणून आत्ताच.

एखादीच गोष्ट अडत असेल तर उजळणी. “चष्मा कुठे?” “देवघराच्या फळीवर.” लगेच विचारा, मग 15 सेकंदांनी, 30 सेकंदांनी, मग 1, 2, 4, 8 मिनिटांनी. चुकलं तर उत्तर सांगा, म्हणवून घ्या आणि आधी जमलेल्या अंतरावर परत या. “आठवून बघा” असा आग्रह नको. अंदाजाने दिलेलं चुकीचं उत्तरही डोक्यात बसतं. एका वेळी एकच गोष्ट.

यातलं काहीही निवडलं तरी चालणं हवंच: अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीच्या 2018च्या मार्गदर्शनात आठवड्यातून दोनदा व्यायाम सुचवलाय. सोलापूरच्या उन्हाळ्यात सिद्धेश्वर तलावाकडची फेरी आठच्या आत उरकावी.

यातल्या कशासाठीही पैसे भरण्याआधी बी-12, थायरॉईड आणि कान तपासून घ्या. झोपेची किंवा सर्दी-खाजेची गोळी रोज चालू असेल तर डॉक्टरांना दाखवा. काही गोळ्यांनीही विसर पडतो.