वजनकाटा बरा आहे, पण ते खालचं बटण!

ऑनलाइन मागवलेला काचेचा डिजिटल वजनकाटा, दोन महिने झाले वापरतोय. वजन बरोबर दाखवतो, वाण्याकडची ५ किलोची पिठाची पिशवी ठेवून बघितली तर ५.० च आलं. वैताग आहे तो खालच्या बटणाचा, किलो-पाउंड-स्टोन बदलायचं बटण पाठीमागे दिलंय आणि काटा सरकवला की तेच दाबलं जातं. परवा आई चढली आणि १४३ आकडा बघून किंचाळलीच, अगं आई ते पाउंड आहेत, तू ६५ च आहेस म्हटलं तरी पटेना, कारण युनिटचं अक्षर इतकं बारीक की चष्म्याशिवाय दिसतच नाही. परत दाबलं तर १० स्टोन ३ पाउंड, म्हणजे आई एकदम बारीक 😄

लंडनची मावसबहीण मात्र स्टोनमध्येच बोलते, १ स्टोन म्हणजे १४ पाउंड, साधारण ६.३५ किलो. बाकी पाउंडासाठी काटा लागतच नाही, किलोची दुप्पट करा आणि त्याचा दहावा भाग मिळवा, १३० अधिक १३, झाले १४३. मी तर बटणावर चिकटपट्टीच लावलीय. पाचपैकी साडेतीन स्टार.