इव्हॅल्युएशन बोर्ड की ब्रेकआउट? चुंबक-सेन्सर घेताना

ठिबकच्या बॉल व्हॉल्व्हचा दांडा किती फिरला हे घरबसल्या कळावं, एवढंच मला हवं होतं. दांड्यावर चुंबक, त्याखाली तीन अक्षांचा हॉल सेन्सर, म्हणजे चुंबकाचं क्षेत्र तिन्ही दिशांनी मोजणारी चिप. चिप ठरलेलीच होती, टीएलव्ही४९३डी. ती तयार इव्हॅल्युएशन बोर्डावर (यूएसबीला लावून चिप पारखायचा बोर्ड) घ्यायची की ब्रेकआउट (चिप आणि जोडायच्या पिना एवढंच असलेली छोटी पट्टी) घेऊन अर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाला जोडायची, हे काही ठरेना. आधी ब्रेकआउट घेतला, नंतर बोर्डही घ्यावा लागला.

पैशांचं पाहिलं तर ब्रेकआउट. शेवटी शेतावर जे बसणार त्याचा कोड आपल्यालाच लिहायचा, मग सुरुवात तिथूनच का नको, हेही पटण्यासारखं आहे. लायब्ररी तयार मिळते. स्वतः लिहिणार असाल तर एक सांभाळा: या चिपच्या रजिस्टरांत (सेटिंग साठवायच्या कप्प्यांत) कारखान्यातून आलेले काही राखीव बिट असतात, ते आधी वाचून जसेच्या तसे परत लिहावे लागतात. बोर्डाचं सॉफ्टवेअर हे परस्पर उरकतं. यूएसबी लावली की तिन्ही अक्षांचे आलेख हलायला लागतात.

माझं गाडं अडलं ते जंपर वायरींपाशी, म्हणजे टोकाला पिन असलेल्या, नुसत्या खोचायच्या वायरींपाशी. ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता जोडणी करायच्या पाटीवर) कोन बरा येत होता, पण वायर जरा सरकली की तीन-चार अंशांचा फरक. दोन संध्याकाळी मी कोनाचं गणितच तपासत बसलो. मग चुंबक हातातून निसटलं आणि थेट वायरीच्या टोकाला चिकटलं. पिना लोखंडी! सेन्सरपासून बोटभर अंतरावर बसून त्या चुंबकाचं क्षेत्र वाकडं करत होत्या. दुकानदाराला तरी काय बोलणार? वीज तर नीट जात होती. पृथ्वीच्या क्षेत्राची इथे काळजी नसते. ते आपल्याकडे साधारण ४० मायक्रोटेस्ला आणि या चिपची एक पायरीच, म्हणजे तिला दाखवता येणारा लहानात लहान बदलच, ९८ची. लोखंडाची मात्र असते. (मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी नोंदी बिघडतील म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदींसाठी १९०४ साली अलिबागला वेधशाळा उभी राहिली. आणि मी सेन्सरलाच लोखंडाचं कुंपण घालून बसलो होतो.)

बोर्डावर सेन्सर एका टोकाला एकटा, आसपास फक्त तांब्याच्या रेघा. तोच व्हॉल्व्ह, तेच चुंबक, आणि आकडा जागचा हलेना. तोही अगदी निर्दोष नाही: थेट लॅपटॉपला खोचला तर स्पीकरच्या चुंबकामुळे शून्य सरकतं. मीटरभर यूएसबी एक्स्टेंशन लावली, काम झालं.

वायरी सोल्डर करणाऱ्याला माझी कटकट कदाचित होणारही नाही. माझाही ब्रेकआउट आता शेतावर तसाच, सोल्डर करून बसलाय, बिनतक्रार. पण चुंबक केवढं घ्यायचं, किती अंतरावर ठेवायचं, हे ठरायचं असेल तोवर मी तरी बोर्डच टेबलावर ठेवीन.