बाबांची जुनी सीको आणि नागपूरच्या महाल भागातले घडीवाले काका

बाबांची सीको फाईव्ह घडी आहे, हाताच्या हालचालीनं भरणारी ऑटोमॅटिक, आत 7009 मशीन. मागच्या झाकणावरचा नंबर 83 ने सुरू होतो म्हणजे 1978 नाहीतर 1988 चा मार्च (पहिला आकडा वर्षाचा शेवटचा, दुसरा महिन्याचा, सीकोचं असंच असतं). हातात असली की मस्त चालायची पण रात्री काढून ठेवली की पहाटे चारला बंद. आणि या मशीनला चावीनं भरायची सोयच नाही, चावी फक्त टाइम अन तारीख लावायला, त्यामुळे सकाळी उठून पाच मिनिटं हात हलवत बसायचं, बायको हसते ते वेगळंच.

आधी बर्डीवरच्या एका मोठ्या दुकानात नेली. उघडूनही पाहिली नाही, म्हणे मशीन गेली, सेलवरचं क्वार्ट्झ बसवून देतो. डोकंच फिरलं माझं. मग ऑफिसातल्या एकानं महालात गांधीगेटच्या अलीकडच्या गल्लीतले काका सांगितले. दुकान कसलं, दोन गिऱ्हाईकं उभी राहिली की फुल. बोर्डाची अक्षरं उन्हानं उडालीत, फक्त 'घडी' वाचता येतं.

काकांनी माझ्यासमोर झाकण खोललं आणि मशीनच्या आधी झाकणच पाहिलं. आतून गोल गोल ओरखडे. "रोटर घासून राहिला जी, बेअरिंग गेली." रोटर म्हणजे हात हलला की आत फिरणारं वजन, बोटानं हलवून दाखवला तर खरंच खालीवर डुलत होता. मग निघाला मॅजिक लिव्हर, नखाएवढी पत्ती, तिला दोन पाय. रोटर कुठल्याही बाजूनं फिरो, एक पाय ओढतो अन दुसरा ढकलतो, त्यामुळे दातेरी चाक एकाच दिशेनं सरकतं आणि कमानी (घडी चालवणारी स्प्रिंग) भरते. काकांनी भिंग माझ्या डोळ्याला लावून दिलं अन शेजारी चांगला लिव्हर ठेवला. त्याची टोकं अणकुचीदार, आमच्याची चावलेल्या टूथपिकसारखी. म्हणजे बाबांनी इतकी वर्षं हात हलवला त्यातला अर्धा फुकटच गेला म्हणायचा. "चालते तर चालते भाऊ, पण पोटच भरत नाही हिचं."

लिव्हर, ते चाक, रोटर आणि बॅरल (कमानीची डबी) बदललं. ऑटोमॅटिकमध्ये कमानीचं बाहेरचं टोक बॅरलला अडकवलेलं नसतं, फुल भरली की भिंतीवरून घसरते म्हणून तुटत नाही, पण आतलं ग्रीस वाळलं की ती अर्धी भरतानाच घसरायला लागते, आमच्या घडीत तेही होतंच. पार्ट सगळे दुसऱ्या एका 7009 मधून काढले, तसं त्यांनी आधीच सांगितलं होतं, नवे म्हणून गळ्यात मारले नाहीत. बॅलन्स (टिकटिक करणारं झुलतं चाक) चांगला होता, त्याला फक्त साफसफाई. मी डायल रंगवायचं विचारलं तर चक्क नाही म्हणाले, डाग राहू दे, ओरिजिनल आहे. यासाठी वेगळे मार्क.

आता रडगाणं. आठ दिवस सांगितले आणि लागले सात आठवडे, फोन उचलत नाहीत, तीन चकरा झाल्या त्यातली एक मे महिन्यात भर दुपारी, शटर बंद. बिल नाही, गॅरंटी तोंडी. झाकणावर पान्याचा एक नवा ओरखडापण पडला, विचारलं तर म्हणे जुनाच असेल. जुना नव्हता, माझ्याकडे फोटो आहे.

एकूण 2,200 घेतले. आता काढून ठेवली तर 38 तास चालते, दिवसाला 15 सेकंद पुढे जाते, एवढ्या वयाला चालतंय. पाण्यात मात्र घालू नका म्हणाले, हात धुतानाही काढायची.

जायचं असेल तर संध्याकाळी पाचनंतर जा, कॅश न्या, घडीचे सगळ्या बाजूंनी फोटो आधीच काढून ठेवा आणि लग्नाबिग्नाची तारीख असेल तर तिथं देऊच नका. जुने पार्ट मागून घ्या, मला पुडीत बांधून दिले. बाबांनी पुडी उघडून तो लिव्हर बराच वेळ पाहिला अन म्हणाले, एवढंसंच होय.