कठडा काचेचा आहे ना, हे आधी विचारा

अलास्काच्या क्रूझवरून येऊन तीन महिने होत आले. तेव्हापासून सहकारनगरातल्या आमच्या सोसायटीत जो भेटतो तो एकच विचारतो, "बाल्कनीची खोली घ्यावी का हो? की ते पैसे वाचवावेत?" जेवण कसं होतं, थंडी किती होती, हे सगळं नंतर. म्हणून मी खोलीबद्दलच लिहिते.

घ्यावी. थंड प्रदेशात जाणार असाल तर नक्की घ्यावी. पण सगळ्या बाल्कन्या सारख्याच, असं समजून डोळे मिटून घेऊ नये. आम्ही दोन जोडपी गेलो होतो, आम्ही दोघं आणि माझी धाकटी बहीण नि तिचे यजमान. त्यांनी आतली, बिनखिडकीची खोली घेतली. त्यामुळे एकाच जहाजावर, त्याच सात रात्रींत दोन्ही प्रकार जवळून पाहता आले.

मी पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं आरेखक होते, त्यातली शेवटची बरीच वर्षं सिंचन भवनात. नकाशा पुढ्यात आला की त्याच्या वर काय, खाली काय, हे बघितल्याशिवाय हात पुढे जात नाही. दुसरं कारण घरातलं. यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दहा मिनिटांच्या वर एका जागी उभं राहवत नाही. हिमनदी बघायला इतक्या लांब जायचं आणि हे आत खुर्चीवर बसून राहणार, हे मला चालणारच नव्हतं.

एजंट म्हणाला, "काकू, खोलीत थांबतं कोण? झोपायला तर जायचं. गॅरंटीत बुक करा, स्वस्त पडेल." गॅरंटी म्हणजे खोलीचा प्रकार तुम्ही ठरवायचा आणि नंबर कंपनी तिच्या सोयीने नंतर देणार. गरम समुद्रातल्या क्रूझला त्याचं म्हणणं बरोबर असेल, तिथे माणसं दिवसभर वर पोहण्याच्या तलावापाशीच असतात. अलास्कात जूनमध्येही दिवसा दहा-बारा अंश. आकडा ऐकून पुणेकराला वाटतं, आपल्या डिसेंबरातल्या पहाटेसारखंच की. पण डिसेंबरात पर्वतीवर चालणाऱ्याच्या तोंडावर जहाजाच्या वेगाचा वारा येत नसतो. वरच्या उघड्या डेकवर वीस मिनिटांत बोटं बधिर होतात आणि माणूस आत पळतो. मग बघायचं असतं ते नेमकं आपण आत असताना होतं. थंडीत खोली ही बघायची जागा असते. पांघरूण, गरम चहा, बाथरूम, सगळं दोन पावलांवर आणि समोर डोंगर. एजंटाला हे मी दोनदा समजावून सांगितलं आणि खोलीचा नंबर आपला आपण निवडला.

निवडला कसा, ते सांगते. कंपनीच्या वेबसाइटवर प्रत्येक डेकचा, म्हणजे जहाजाच्या मजल्याचा, प्लॅन असतो. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून पाचवा, सहावा आणि सातवा डेक ए-थ्रीवर छापून आणले. सहाव्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून खोल्यांच्या रेघा काढल्या. मग तोच कागद लिफ्टच्या खुणा जुळवून आधी सातव्यावर सरकवला, मग पाचव्यावर. कुठल्या खोलीच्या डोक्यावर काय येतं, पायाखाली काय येतं, हे दहा मिनिटांत कळलं. एका खोलीच्या खाली थिएटरचं वरचं टोक येत होतं, म्हणजे रात्री साडेदहापर्यंत ढोल. आणखी काही खोल्यांच्या शेजारी प्लॅनवर नुसती पांढरी मोकळी जागा होती. ती मोकळी नसते, तिथे स्वयंपाकघर, कोठी, कर्मचाऱ्यांचे जिने असतात. शक्यतो अशी खोली घ्यावी की तिच्या वरही खोल्या आणि खालीही खोल्याच. खोलीत झोपलेला माणूस आवाज करत नाही.

जहाजाच्या लांबीत मधली आणि उंचीत खालच्या बाजूची खोली सगळ्यात कमी हलते. सी-सॉवर टोकाची मुलं वर-खाली होतात आणि मधोमध बसलेलं जागच्या जागी राहतं, तसंच. मला वरंधा घाटातसुद्धा मळमळतं, म्हणून ही अट माझ्यासाठी होती. लिफ्ट यांच्यासाठी. लिफ्टपासून चार दारं सोडून खोली धरली. अगदी लागून नको, कारण तिथे माणसं गप्पा मारत उभी राहतात.

आता मुख्य गोष्ट, कठडा. काही जहाजांवर, विशेषतः खालच्या डेकवर किंवा पुढच्या टोकाला, बाल्कनीचा कठडा पत्र्याचा असतो. उभं राहिलं तर सगळं दिसतं, खुर्चीत बसलं की समोर पांढरा रंगवलेला पत्रा. ज्याला बसूनच बघायचंय त्याला अशी बाल्कनी देऊन काय उपयोग? प्लॅनवर हे लिहिलेलं नसतं. मी एजंटाला कंपनीकडे ईमेल करायला लावली, "या नंबरच्या खोलीचा कठडा काचेचा आहे का?" चार दिवसांनी उत्तर आलं, आहे. त्यानंतरच पैसे भरले. दुसरा असाच प्रश्न लाइफबोटींचा. एखाद्या डेकवरच्या खोल्यांसमोर बोटी टांगलेल्या असतात आणि अशा खोल्या "दृश्यात अडथळा" म्हणून थोड्या स्वस्तात देतात. कुठे बोटीचा फक्त माथा येतो आणि तो खुशाल चालतो, कुठे अख्खी बोट खिडकीला चिकटलेली असते. नंबर कळल्याशिवाय घेऊ नका.

डावी बाजू की उजवी, यावर लोक फार डोकं लढवतात. कॅनडातल्या व्हँकुव्हरहून उत्तरेला अलास्कातल्या सुअर्ड किंवा व्हिटियर बंदरापर्यंत एकाच दिशेने जाणारी क्रूझ असेल तर किनारा उजव्या हाताला राहतो, तेव्हा उजवी बाजू बरी. आमच्यासारखं जाऊन परत यायचं असेल तर जाताना दिसलं नाही ते येताना दिसतं. शिवाय इनसाइड पॅसेजमध्ये, म्हणजे बेटं आणि किनारा यांच्या मधल्या जलमार्गात, बहुतेक ठिकाणी दोन्ही बाजूंना डोंगर आहेतच.

सुटण्याच्या बंदराकडे मात्र बघाच. सिएटलहून निघणारी बरीच जहाजं व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून, मोकळ्या पॅसिफिकमधून जातात. व्हँकुव्हरहून सुटलं की बेट आणि मुख्य भूमी यांच्या मधल्या अरुंद पाण्यातून जायला मिळतं, लाटा फारशा नसतात. याच वाटेवर सेमूर नॅरोज नावाची चिंचोळी सामुद्रधुनी लागते. तिथे पाण्याखाली रिपल रॉक नावाचा खडक होता आणि त्याने कित्येक बोटी बुडवल्या होत्या. शेजारच्या बेटावरून खाली विहीर खणून, समुद्राच्या तळाखालून बोगदा काढून, आत हजार टनांहून जास्त स्फोटकं भरली आणि 5 एप्रिल 1958 रोजी तो उडवला. माझा जन्म बोगद्यांचे सेक्शन काढण्यात गेला. ती जागा आली तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते आणि आकाशात अजून थोडा उजेड होता. मी शाल घेऊन बाल्कनीत उभी राहिले. पाण्यावर नुसते भोवरे फिरत होते. दुसरं काही दिसलं नाही, तरी मला फार बरं वाटलं.

बेट संपलं की क्वीन शार्लट साउंडचा काही तासांचा उघडा पट्टा येतो, तिथे जहाज डोललं. मला खोलीत काही झालं नाही. बहिणीला झालं. तिची गॅरंटीतली खोली आली होती अगदी पुढच्या टोकाला, आणि तीही बुफेच्या डेकच्या बरोबर खाली. पहाटे पाचला डोक्यावर खुर्च्या ओढल्याचा आवाज सुरू व्हायचा. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "ताई, वर कोणी फर्निचर हलवतंय गं." सातही दिवस तसंच. खोली बदलून मागितली, पण जहाज भरलेलं होतं. तिच्या खोलीतली एक गोष्ट मात्र आमच्यापेक्षा चांगली होती, तिथे ठार अंधार व्हायचा. जूनमध्ये अलास्काच्या राजधानीत, ज्युनोला, सूर्य रात्री दहाच्या पुढेमागे मावळतो आणि पहाटे चारच्या सुमाराला उगवतो. आमच्या पडद्याच्या फटीतून उजेड थेट उशीवर यायचा. उजेडाने झोप मोडणाऱ्यांनी पडदा लावायला चार चिमटे न्यावेत.

पाचवा दिवस ग्लेशियर बेचा. सगळा खर्च या एका दिवसासाठी होता, असं मी म्हणेन. या राष्ट्रीय उद्यानात दिवसाला दोनच मोठी क्रूझ जहाजं सोडतात. सकाळी छोट्या बोटीतून उद्यानाचे रेंजर चढले आणि दिवसभर माहिती देत राहिले. वरच्या डेकवर त्यांचा आवाज कर्ण्यातून यायचा, खोलीत टीव्हीवर. 1794मध्ये कप्तान जॉर्ज व्हँकुव्हरच्या मोहिमेतली माणसं इथे आली तेव्हा ही खाडी जवळजवळ नव्हतीच, सगळीकडे बर्फ भरला होता. 1879मध्ये निसर्गअभ्यासक जॉन म्यूर आला तोवर बर्फ मैलोन्‌मैल मागे सरला होता. आज खाडीच्या मुखापासून हिमनदीपर्यंत साधारण शंभर किलोमीटर आत जावं लागतं. म्हणजे आम्ही ज्या पाण्यावरून चाललो होतो ते सव्वादोनशे वर्षांपूर्वी बर्फ होतं. हे म्हणाले, "धरणाच्या उलट झालं की गं. इथे भिंतच मागे गेली आणि पाणी आत आलं."

मार्जरी हिमनदीपुढे जहाज थांबलं तेव्हा ती दुसऱ्या बाजूला होती. आमच्यासमोर नुसता कडा. पंधरा-वीस मिनिटं माझा जीव नुसता वरखाली होत होता, की एवढं सगळं करून चुकीचीच बाजू घेतली. मग कप्तानाने जहाज जागच्या जागी सावकाश फिरवलं. काचेच्या कठड्याच्या एका कडेने निळं काहीतरी आत यायला लागलं आणि हळूहळू अख्खी काच भरून गेली. जवळजवळ दीड किलोमीटर रुंद, पाण्याच्या वर अडीचशे फूट. निळा रंग असा, जाड काचेच्या कापल्या कडेत दिसतो तसा, आणि मधून दगडमातीचे काळे पट्टे. हे खुर्चीत बसलेले, मांडीवर जहाजाची लोकरी चादर, हातात दुर्बीण.

आधी दिसतं आणि मग ऐकू येतं, हे तिथे कळलं. भिंतीचा एक तुकडा सुटला, अगदी गुपचूप खाली आला, पाणी उसळलं. मी मनात एक, दोन मोजलं आणि मग आवाज आला, शेजारच्या गल्लीत सुतळी बॉम्ब फुटावा तसा, पण लांबत गेलेला. दोन सेकंद म्हणजे सातशे मीटरच्या आसपास अंतर. थोड्या वेळाने त्या पडझडीची लाट आमच्यापर्यंत आली आणि खाली तरंगणारे बर्फाचे तुकडे एकमेकांवर किणकिणले. इथले मूळ रहिवासी ट्लिंगिट लोक. त्यांच्याकडे या आवाजाला पांढरा गडगडाट म्हणतात, असं रेंजरबाई सांगत होत्या. तासभर जहाज तिथे होतं. हे तासभर बसून होते आणि त्यांनी सगळं पाहिलं. बहीण आणि तिचे यजमान वर, डेकवर. त्यांनाही सगळं दिसलं, आमच्यापेक्षा मोकळं दिसलं, कारण वरून दोन्ही बाजू दिसतात. पण ती तीन वेळा हात शेकायला आत गेली आणि सगळ्यात मोठा कडा कोसळला तो नेमका तेव्हा. माझी शिफारस अशी, की पाय चांगले असतील तर त्या दिवशी थोडा वेळ वरही जा. मीही गेले होते. बाल्कनी घेतली म्हणून तिथेच बसून राहू नका.

तक्रार एकच. आमच्या आणि शेजारच्या खोलीच्या मध्ये एकीतून दुसरीत जायचं दार होतं. प्लॅनवर त्याची बारीक दुहेरी बाणाची खूण असते, ती माझ्या नजरेतून सुटली. दार कुलूपबंद असलं तरी आवाज येतोच. शेजाऱ्यांचा टीव्ही रात्री बारापर्यंत ऐकू यायचा. सांगितल्यावर त्यांनी लगेच कमी केला, पण खोली घेताना ती खूण बघायलाच हवी.

पैशाचं म्हणाल तर आमच्या तारखेला बाल्कनीची खोली आतल्या खोलीच्या जवळपास दुप्पट पडली. मे आणि सप्टेंबरमध्ये भाव उतरतात, थंडी थोडी जास्त, सप्टेंबरमध्ये पाऊसही जास्त. भाड्याशिवाय दोन व्हिसांचा खर्च धरा, अमेरिकेचा आणि कॅनडाचा, दोन्ही लागतात आणि कॅनडात परत उतरायचं असतं हे विसरू नका. पाणी तापवायची कांडी नेऊ नका, जहाजावर चालत नाही, चढतानाच काढून ठेवतात. चांगला थर्मास न्या, बुफेत गरम पाणी कायम असतं.

बहिणीचं आता नॉर्वेच्या फिओर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाड्यांच्या, क्रूझचं चाललंय. परवा ती तीन डेक ए-थ्रीवर छापून घेऊन आली. दोन खोल्यांवर मी आत्ताच फुली मारली आहे, एकीच्या डोक्यावर स्वयंपाकघर आहे आणि दुसरीच्या समोर लाइफबोट. तिसरीच्या कठड्याबद्दल ईमेल गेली आहे, उत्तर यायचंय.