झाशी बघण्याआधी गोडसे भटजी वाचा

झाशीच्या किल्ल्यावर गाइड करण्याऐवजी विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास' सोबत न्या. वरसईचे हे भटजी दानदक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि १८५८च्या वेढ्यात नेमके झाशीत अडकले. लढाईचं वर्णन थरारक आहेच, पण मला चटका लावला तो राजवाड्यातल्या ग्रंथसंग्रहाच्या नासधुशीने. अशी गोष्ट पोथ्यांची किंमत जाणणाराच टिपणार! तारखांसाठी मात्र यावर विसंबू नका. सगळं कैक वर्षांनी आठवून लिहिलेलं, त्यात ऐकीव गप्पाही भरपूर. घेताना आवृत्ती बघा. १९०७ची चिं. वि. वैद्यांनी फेरफार केलेली. दत्तो वामन पोतदारांची मूळ हस्तलिखितावरची मिळाली तर तीच घ्या. भाषा जुनी, पण पाच-दहा पानांत सरावते.